रविवारचं अपडेट

आमचे हे मोबाइल दुरुस्त करतात. फुटलेली काच, फुगलेली बॅटरी, चहात बुडालेला फोन, काहीही घेऊन या, होतं. पण दुकानाच्या पायरीवर जी माणसं थांबलेली असतात, त्यातल्या निम्म्यांचे फोन धडधाकट असतात. ती तारीख विचारायला आलेली असतात. पुढचं अपडेट कधी, एवढंच विचारायचं आणि उत्तर घेऊन चालू लागायचं. सगळी गल्ली ह्यांना 'तारीखवाले' म्हणते आणि मला 'तारीखवाल्या वहिनी'. पंचवीस वर्षं मी शाळांचे गणवेश शिवतेय, निम्म्या गल्लीच्या अंगावर माझे टाके आहेत, आणि नाव पडलं ते नवऱ्याच्या उद्योगावरून. असो. मी मनात काही ठेवत नाही, बोलून मोकळी होते.

आता कुणी म्हणेल, अपडेट येईल तेव्हा येईल, त्याची कसली तारीख? त्याला आमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे पाठवा. प्रत्येक अपडेटनंतर त्याचं बिलाचं अ‍ॅप दोन दिवस रुसून बसतं, म्हणून तो आदल्या दिवशीच कागदी बिलबुकं काढून ठेवतो. शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला सकाळच्या फेरीत फोन बंद पडून चालत नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला नव्या कॅमेऱ्याची घाई असते. आणि फोनची कंपनी काय सांगते? 'लवकरच.' लवकरच म्हणजे कधी, ते सांगणारा माणूस ह्या भागात एकच आणि तो माझ्या नशिबी आला.

ह्यांची रीत अशी. हिरव्या पुठ्ठ्याची एक लांब वही आहे. तिच्यात पेन्सिलने रकाने आखलेले: फोनचं मॉडेल, तारीख, वार, साक्षीदार, शेरा. प्रत्येक मॉडेलला गल्लीतला एक साक्षीदार नेमलेला आहे. एकाला औषधवाला, एकाला बसचा ड्रायव्हर, एकाला इस्त्रीवाली. त्यांच्या फोनवर अपडेट आलं की ते पायरीवर येऊन सांगतात आणि हे वहीत लिहितात. दोन अपडेटांमध्ये दिवस किती गेले, वार कुठला होता, त्याआधी कंपनी किती दिवस गप्प होती, सगळं त्यात. "कंपनी बडबडते तोवर काही नाही. गप्प बसली की नऊ दिवस मोजायचे," असं हे गिऱ्हाइकांना मान हलवून सांगतात. माझ्या गप्प बसण्याचे दिवस ह्यांनी आजवर एकदाही मोजलेले नाहीत.

पण माणसाचं श्रेय माणसाला द्यावं. सेहेचाळीस वेळा तारीख सांगितली, त्यात एक्केचाळीस वेळा बरोबर. पैजेचा चहा तर आमच्या दुकानात इतका येतो की घरी चहा टाकावाच लागत नाही.

ह्या सगळ्यात ह्यांचं सर्वांत लाडकं मॉडेल म्हणजे माझं. आता ते जुनं झालं. गल्लीत दोघींकडेच आहे, मी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाई. दोन्ही फोन ह्यांनीच एकाच दिवशी आणून दिले होते. त्याची साक्षीदार मी. माझ्या फोनवर अपडेट झालं की हे वर जाऊन बाईंच्या फोनवरही करून यायचे. साडेतीन वर्षांत सात अपडेटं आली आणि सातही रविवारी. सात! बाकीच्या मॉडेलांत एखादा दिवस इकडेतिकडे होतो, ह्याच्यात नाही. हे त्याचं कारणसुद्धा सांगायचे. रविवारी माणसं घरी असतात, निवांत असतात, म्हणून जुन्या फोनला कंपनी मुद्दाम रविवारी पाठवते, कंपनी हुशार आहे. एकदा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला माणूस काही सुटे भाग द्यायला आला होता, त्यालाही हे समजावून सांगितलं. त्या बिचाऱ्यानेही मान डोलावली. त्याला तरी कुठे काय माहीत असतं.

आता बाईंबद्दल सांगते. बाई निवृत्त शिक्षिका. ह्यांना चौथीला होत्या, त्यामुळे हे आजही त्यांच्यासमोर स्टुलावर बसत नाहीत. बाईंना कमी ऐकू येतं. दोन्ही कानांत यंत्रं आहेत. समोर बसून बोललं की ओठांकडे बघत त्या सगळं पकडतात, पण रेडिओ किंवा फोनमधला आवाज त्यांना भांडी घासल्यासारखा वाटतो. त्यावर एकच उपाय होता. फोन त्या यंत्रांना जोडला की फोनमधला, फोनपुढे बोललेला, सगळा आवाज थेट कानात उतरायचा, अगदी स्वच्छ. यंत्रं जुनी, ती ह्या एकाच जातीच्या फोनशी बोलतात. आणि मागच्या अपडेटने नेमकी तीच जोडणी मोडली. माझ्याही फोनवर लावून पाहिलं, तेच. दोन महिने झाले, बाई दूर शहरातल्या नातीशी फक्त मेसेज लिहून बोलत होत्या, पूर्णविरामासकट.

यंत्राच्या कंपनीतली मुलगी म्हणाली, दोष फोनमध्ये आहे, पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त होईल. कधी येईल ते तिला माहीत नव्हतं. ह्यांना फोनचा असा काही राग आला की बाईंच्या फोनमधल्या अपडेटच्या सगळ्या सूचना ह्यांनी बंद करून टाकल्या. मी बघितल्याशिवाय ह्याने आता काही घ्यायचं नाही, म्हणाले. बाईंनी फोन रुमालात गुंडाळून चष्म्याच्या खणात ठेवला.

आणि मग त्या सोमवारी बाई खाली दुकानात आल्या. दोन जिने उतरून आल्या, म्हणजे काम तसंच होतं. नातीला रेडिओवर नोकरी लागली होती, बातम्या वाचायची. ही पोर बाईंनीच वाढवलेली. जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून, कुठे थांबायचं तिथे पेन्सिलने रेघा मारून, बाईंनी तिला मोठ्याने वाचायला शिकवलेलं. तिचं पहिलं वाचन येत्या शनिवारी, सकाळी अकराला. आजी ऐकू शकणार नाही, हे कळल्यावर पोरगी अडून बसली. तिच्याबरोबर आणखी एक नवी मुलगी लागली होती, दोघींनी शनिवारची अदलाबदल केली तरी साहेबांची हरकत नव्हती. पण शनिवारी जी वाचेल, सकाळच्या बातम्या पुढे तिच्याकडेच राहणार होत्या. दुसरीला दुपारच्या, जेव्हा ऐकायला कुणी जागं नसतं. काय ते शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कळवायचं होतं.

मी म्हटलं, बाई, तिला सांगा रेकॉर्ड करून ठेव, फोन नीट झाला की ऐका. बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"नंतर सगळेच ऐकतील गं," त्या म्हणाल्या. "ती वाचत असेल तेव्हा मला ऐकायचंय. माझ्यासाठी तिने सकाळ सोडू नये आणि मी तिचं पहिलं वाचन चुकवू नये, दोन्ही पाहिजे मला. हावरट म्हण हवं तर." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "शनिवारच्या आत येतंय का, तेवढं सांग. तू सांगशील ते मी तिला कळवीन."

ह्यांनी दोन दिवस दुसरं काही केलं नाही. फुटक्या काचांचे फोन ताटलीत तसेच पडून राहिले, स्क्रू बाटलीच्या झाकणांतून इकडचे तिकडे झाले. वही उघडायची, बोटांवर मोजायचं, वही मिटायची. जेवताना भाजी संपली की नाही, ह्याचंही भान नाही. शेवटी मंगळवारी संध्याकाळी वही काखेत मारून वर गेले. मीही मागोमाग गेले.

"बाई, रविवार," हे म्हणाले. "शनिवारी नाही."

"मोजणी तपासलीस?"

"तीनदा."

बाईंनी बरं म्हटलं आणि आम्हाला चहा दिला. म्हणाल्या, शुक्रवारी कळवते तिला, तोवर घाई नाही. एका दिवसाने हुकलं होतं, बघा. आठवड्याने हुकलं असतं तर एवढं लागलं नसतं.

खाली आल्यावर मी ह्यांना धारेवर धरलं. 'शनिवारी येईल कदाचित' एवढं म्हणायला तोंड झिजत होतं का? म्हातारीला चार दिवस आशेवर काढता आले असते. हे नेहमी माझं बोलणं एका कानाने ऐकून सोडून देतात, पण त्या दिवशी उलटून बोलले. म्हणाले, आशेवर पोरगी वाचायला बसली आणि बाई इकडे कोऱ्या बसून राहिल्या तर काय तोंड दाखवू? मला जे दिसतं तेच मी सांगणार. त्यावर मी आणखी चिडले. बुधवार आणि गुरुवार आमच्या घरात अबोला होता.

शुक्रवार उजाडला. शाळा उघडायला आठवडा राहिला होता, म्हणजे माझा जीव टांगणीला. मशीनच्या एका बाजूला पांढऱ्या शर्टांचा गठ्ठा, दुसऱ्या बाजूला काज करायचे राहिलेले अठरा स्कर्ट, तोंडात टाचण्या. मिनिटामिनिटाला कुणाची ना कुणाची आई फोन करून कंबर सांगतेय, उंची सांगतेय, पोर मध्येच वाढली म्हणून परत सांगतेय. अकराच्या सुमाराला हे दुकानातून आत आले आणि कप घेऊन माझ्या दाराशी उभे राहिले. बाईंनी अजून कळवलं नसेल, बारा वाजायला वेळ आहे, असं काहीतरी स्वतःशीच पुटपुटत होते. तेवढ्यात माझ्या फोनवर सूचनेची एक पाटी आली. मी शिवता शिवता करंगळीने ती उडवून लावली.

"काय दाबलंस आत्ता?" हे म्हणाले. तीन दिवसांतलं पहिलं वाक्य.

"नंतर," मी टाचण्यांमधून म्हटलं.

"कशाला नंतर?"

"तुमचं ते अपडेट. बुधवारपासून डोकं खातंय माझं. पाऊण तास फोन बंद पडतो, मापं कुणी घ्यायची मग? रविवारी घेईन. नेहमी रविवारीच घेते."

हातातला कप त्यांनी सरळ पांढऱ्या शर्टांवर ठेवला. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून माझं पायडल आपोआप थांबलं.

"नेहमी?" ह्यांनी विचारलं.

"नेहमी," मी म्हटलं आणि बोलता बोलता माझ्या डोक्यात उजेड पडला.

साडेतीन वर्षं! दर अपडेटच्या रविवारी दुपारी माझा फोन खिडकीत अपडेट होत पडलेला ह्यांना दिसायचा, आणि हे वहीत लिहायचे, रविवार. फोनवर अपडेट येऊन चार-चार दिवस झालेले असायचे. हे पायरीवर बसून गल्लीला सांगायचे, रविवारी येणार, आणि मी रविवारी बटण दाबून ते खरं करून दाखवायची. बाकीचे साक्षीदार धावत येऊन वर्दी द्यायचे. माझ्याकडून वर्दी कुणी मागितलीच नव्हती. घरचीच साक्षीदार ना.

हे एका पायात चप्पल घालून जिना चढत होते. मी फोन घेऊन मागे. धापा टाकत वर पोहोचलो तेव्हा बाईंच्या घड्याळात साडेअकरा होऊन गेले होते. रुमालातून फोन काढला, ह्यांनी बंद केलेलं सगळं परत चालू केलं, आणि आलंच की अपडेट. बुधवारपासून ते वाट बघत बसलं होतं. त्याखाली नेहमीची ओळ: काही त्रुटी दूर केल्या आहेत. कुठल्या त्रुटी, ते कंपनी कशाला सांगतेय.

ह्यांनी बटण दाबलं. पाऊण तास, फोन म्हणाला. मग हे बाईंसमोर हात मागे बांधून उभे राहिले, चौथीत राहत असतील तसे, आणि सगळं सांगून टाकलं. सातही रविवार खोटे आहेत. तारीख चुकली. आणि ह्या अपडेटमध्ये तुमची दुरुस्ती आहे की नाही, ते पाऊण तासाने कळेल, बारानंतर. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. चूक माझी म्हणावी तर मी काम करत होते, ह्यांची म्हणावी तर ते वही लिहीत होते.

बाई ह्यांच्या ओठांकडे बघत सगळं ऐकून घेत होत्या. मग हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले.

"चौथीतसुद्धा तुझी रीत बरोबर असायची," त्या म्हणाल्या. "उदाहरणच चुकीचं उतरवून घ्यायचास."

त्यांनी माझ्यापुढे हात केला. त्यांचा फोन अडकला होता, म्हणून माझा मागत होत्या. नातीचा नंबर त्यांना पाठ होता. बारा वाजायला दहा मिनिटं होती. त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'शनिवारी तूच वाच. मी ऐकणार आहे. आजी.' मध्येच माझ्या फोनवर ती पाटी पुन्हा आली. बाईंनी 'नंतर' दाबलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

अपडेटची ती पट्टी सरकताना कधी बघितलीय तुम्ही? उकळत्या दुधापुढे उभं राहणं परवडलं. बारा वाजले. सव्वाबारा झाले. फोन एकदाचा जागा झाला, ह्यांनी बाईंची यंत्रं त्याला जोडली, आणि फोन घेऊन बाहेर जिन्यात गेले. दार ओढून घेतलं. बाहेर वाचायला काही नव्हतं, म्हणून हे वीजमीटरवरचा आकडा फोनमध्ये वाचायला लागले. मला दाराआडून नुसती कुजबुज ऐकू येत होती. बाईंनी पेन्सिल घेतली आणि पेपरच्या कडेला लिहायला लागल्या. चार. शून्य. सात. सात. दोन.

हे आत आले, पेपर बघितला आणि मटकन खुर्चीत बसले. बाईंसमोर, खुर्चीत.

"एवढं ओरडायची गरज नव्हती," बाई म्हणाल्या. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी लपवलं नाही.

शनिवारी अकराला आम्ही दोघं वर गेलो. खोलीत अगदी शांत होतं, कारण रेडिओ फोनवर लावलेला आणि आवाज सगळा बाईंच्या कानात. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं, आम्ही बाईंचा चेहरा ऐकत होतो. हातात पेन्सिल, पुढे कोरा कागद. दहा मिनिटांत त्यांनी दोनदा रेघ मारली आणि एकदा पेन्सिल हातातून निसटली. संपल्यावर म्हणाल्या, दुसऱ्या बातमीत घाई केली, बाकी छान. पाच मिनिटांनी पोरीचा फोन आला. दोन महिन्यांनी आजीच्या कानात तिचा आवाज. बाईंनी 'दुसऱ्या बातमीत' एवढं म्हटलं आणि पेन्सिल बाजूला ठेवून नुसत्या ऐकत राहिल्या. मग आम्ही उठून आलो.

रविवारी ह्यांनी पायरीवर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर, माझ्या मॉडेलच्या सातही ओळींवर लाल रेघ मारली. एक्केचाळीसचे चौतीस झाले. औषधवाल्याने चिडवायचं तेवढं चिडवून घेतलं. मला वाटलं, शेऱ्याच्या रकान्यात माझ्या नावाने खडे फोडले असतील. हे आंघोळीला गेल्यावर मी वही उघडली. सात ओळींना मिळून एकच शेरा होता: 'साक्षीदाराला अख्ख्या आठवड्यात पाऊण तास मिळत नाही. हे मला माहीत नव्हतं.'

मी वही होती तशी ठेवून दिली. पंचवीस वर्षांत ह्यांनी माझ्याबद्दल काही लिहिलेलं मी पहिल्यांदा वाचत होते.

पुढचं अपडेट आलं ते बुधवारीच. ह्यांनी सांगितलेल्या तारखेला, हेही सांगून ठेवते. हे दुकान सोडून आत आले, माझ्या हातातून फोन काढून घेतला, बटण दाबलं आणि खिडकीत ठेवला. माझ्याकडे येणारे फोन आधीच स्वतःच्या फोनवर वळवून घेतले होते. मापांची वही मांडीवर घेऊन मशीनशेजारी बसले आणि आयांशी बोलायला लागले. एका पोरीची कंबर ह्यांनी गळ्याच्या रकान्यात लिहिली, ते मला तिसऱ्या दिवशी कापड बेतताना कळलं. मी तो पाऊण तास पाय वर घेऊन खिडकीशी बसले होते. काहीही करत नव्हते. फोन सुरू होऊन वाजला तेव्हा ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"नंतर," मी म्हटलं आणि हे पुढचं माप लिहायला लागले.